लिफ्टमनची वरची कवळी

मेडिकलच्या प्रवेशाची यादी भिंगरीनं पहिल्या वर्षी वरून वाचली, दुसऱ्या वर्षी खालून वाचली आणि तिसऱ्या वर्षी आईला वाचायला सांगितली. आईनं ती नीट दोनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाली, "जेवून घे."

भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, म्हणून बाबांनी ते ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे तिनं सलग तीन वर्षं एकाच खुर्चीत बसून अभ्यास केला तरी नाव काही सुटलं नाही. तीन वर्षांची कमाई अशी की पहिल्या खेपेला प्रतीक्षा यादीत ती एकशे चौदावी होती, दुसऱ्या खेपेला तीनशे दोनवी आणि तिसऱ्या खेपेला कुठेच नव्हती. कॉलेजचं पत्र मात्र दर वर्षी यायचं. आपल्या अर्जाचा अत्यंत काळजीपूर्वक विचार करण्यात आला आहे, असं त्यात असायचं. इतकी काळजी घेऊन नाही म्हणणारी माणसं तिला दुसरीकडे भेटली नाहीत.

मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही हे कळलं की नातेवाइकांना कंठ फुटतो. मामाचं म्हणणं पडलं की तिनं जनावरांचं डॉक्टर व्हावं, कारण जनावरं तक्रार करत नाहीत. आत्या म्हणाली, चष्म्याचे नंबर काढायला शिकावं, बसून काम असतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक तर तिला बघितलं की जिन्यातच थांबवून नवीन अभ्यासक्रम सांगत, आणि त्यातला एकही तिला दुसऱ्या दिवशी आठवत नसे. आई शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. तिला शांततेची सवय होती, त्यामुळे ती काही सुचवत नसे. बाबांचं मात्र एकच टुमणं होतं: पुन्हा बसायचं. खुद्द भिंगरीला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. तिसऱ्या यादीनंतर ती आठ दिवस खरोखर रडली होती. नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण डॉक्टर होणार नाही याचं दुःख थोडं आहे आणि बाबांना काय वाटेल याचंच जास्त आहे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

बाबा एका दहा मजली कार्यालयांच्या इमारतीत लिफ्टमन होते. जुनी लिफ्ट, सरकत्या जाळीचा दरवाजा, पितळी दांडा आणि दांड्याशेजारी बाबांचं स्टूल. या स्टुलावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती, आणि त्यांच्या लिफ्टमध्ये शिरलेल्या माणसाला उभं राहणं आणि ऐकणं एवढंच करता येत असे. गोष्ट मजल्यांत कशी बसवायची हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावर उतरणाऱ्याला थोडक्यात, दहाव्यावर जाणाऱ्याला सविस्तर. माणूस उतरायच्या आत गोष्ट संपली नाही तर ते दाराची जाळी धरून ठेवत.

घरी बाबा जरा कमी बोलत. त्याला कारण होतं, आणि ते भिंगरीला दहा महिन्यांपूर्वी कळलं.

झालं असं की तिसऱ्या यादीनंतर आईनं तिला मागच्या गल्लीतल्या एका दारावरची पाटी दाखवली. "मदतनीस पाहिजे. हात स्थिर हवा," एवढंच तिच्यावर होतं. आत कवळ्या बनवत. लोकांना वाटतं कवळी दंतवैद्य बनवतात. ते फक्त तोंडाचं माप घेतात. ते माप अशा एखाद्या खोलीत येतं, त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार होतो, जबड्यावर मेण चढतं, मेणात एकेक दात बसतो. मग ते मेणाचे दात पेशंटच्या तोंडात लावून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. ट्रायल जमली की मेण जातं आणि पक्की गुलाबी कवळी होते. या खोलीच्या मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणत, कारण त्यांनी वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. फळ्यावरच्या फुलदाण्या काढून कंटाळा आला तेव्हा त्या दातांकडे वळल्या. त्यांनी भिंगरीला एक पटाशीचा दात दिला, गरम मेणात बसवायला सांगितला आणि तिच्या हाताकडे बघत राहिल्या. "उद्यापासून ये," त्या म्हणाल्या.

एका लॅबमध्ये काम आहे, पुढचा अर्ज भरेपर्यंतच, असं भिंगरीनं घरी सांगितलं. बाबांनी कशाची लॅब वगैरे विचारलं नाही. लॅब हा शब्द त्यांना पुरला.

दोन आठवड्यांत भिंगरीला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले, दातच दिसू लागले. आणि एका संध्याकाळी जेवताना मामाच्या कसल्याशा विनोदावर बाबा हसले. आधी बाबा हसले, मग किंचित मागाहून त्यांचे वरचे दात हसले. भिंगरीचा घास हातातच राहिला. बाबा आंघोळीला एवढा वेळ का लावतात, खोकला आला की तोंडावर रुमाल का धरतात आणि घरी मोजकं का बोलतात, हे सगळं तिला त्या एका क्षणात उमगलं. वरची पूर्ण कवळी होती, जुनी होती आणि सैल झाली होती. आईकडे बघितलं तर आई ताटात बघत होती. मग भिंगरीही ताटात बघू लागली. ज्या माणसानं इतकी वर्षं स्वतःच्या मुलीपासून दात लपवले, त्याला ते मुलीला दिसले आहेत हे कशाला कळू द्यायचं.

असे दहा महिने गेले. चौथ्यांदा अर्ज भरायची शेवटची तारीख शनिवारी होती. बाबांनी फॉर्म आणून दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवला होता आणि वर पेनही ठेवलं होतं. पेन रोज थोडं थोडं तिच्या खुर्चीच्या बाजूला सरकत होतं. भिंगरी रोज त्या टेबलाला वळसा घालून जात होती. भरायचा की नाही, हे तिला चार दिवसांत ठरवायचं होतं.

त्याच आठवड्यात मंगळवारी बाईंकडे एक नवीन काम आलं. एका दंतवैद्यानं आपली जुनी लॅब सोडली होती आणि बाईंची परीक्षा घ्यायला एक माप पाठवलं होतं. मापासोबत चिठ्ठी होती. बाईंना जवळचं दिसत नसे, म्हणून चिठ्ठ्या भिंगरी वाचून दाखवी. तिनं वाचायला सुरुवात केली. "वरची पूर्ण कवळी. जुनी बारा वर्षांची, सैल, बोलताना वाजते. पेशंट आमच्याच इमारतीचे लिफ्टमन. स्वभाव बोलका."

इथे भिंगरी थांबली. बाई म्हणाल्या, पुढे वाच.

"दात पांढरेशुभ्र आणि एका रेषेत हवेत अशी पेशंटची इच्छा. त्यांची मुलगी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असून शरीरशास्त्रात पहिली आली आहे. तरी काम उत्तम व्हावे."

भिंगरी खाली बसली. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि तो बरोबर निघाला. पहिल्याच वर्षी प्रवेश मिळाला असता तर ती आज तिसऱ्याच वर्षाला असती. बाबांनी तिला लिफ्टमध्ये प्रवेश दिला होता, दर वर्षी पास केलं होतं आणि एकदाही नापास होऊ दिलं नव्हतं. खुद्द ती मात्र अजून फॉर्मच भरत होती. यंदा नंबर लागला तरी ती स्वतःच्या तीन वर्षं मागेच राहणार होती.

तिला राग आला. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, आणि त्यात ती सगळं बाईंना सांगून बसली. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "बाप कुणाचाही असो, माप चुकायला नको. हे काम तू कर. ट्रायलला पण तूच जा, माझे गुडघे दुखतात."

"तिथे लिफ्ट आहे," भिंगरी म्हणाली.

"म्हणूनच तू जा."

बाबांच्या जबड्याचा प्लास्टरचा ठसा समोर ठेवून भिंगरी दोन दिवस बसली. एरवी उपदेश करणारी ती तोंडाची पोकळी आता तिच्या तळहातावर होती आणि चकार शब्द काढत नव्हती. पांढरेशुभ्र, एका रेषेतले दात तिनं बसवून पाहिले. ते कुठल्याशा दुकानातल्या पुतळ्याचे दिसले. तिनं ते उपटले. घरून तिनं बाबांचा एक जुना फोटो आणला होता. त्यात सव्विशीतले बाबा सायकलवर एक पाय टेकून हसत होते आणि वरचा डावा पटाशीचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. तिनं तो दात तसाच चढवला. मेण तापवलं, एक केसभर खाली घेतला. पुन्हा तापवलं, जरा आत घेतला. हे तिनं अकरा वेळा केलं आणि जेवायचं विसरली. बारावीच्या पुस्तकासमोर तिचं जेवण कधी चुकलं नव्हतं. अकराव्यांदा तिनं जबडा उजेडात धरला आणि त्यातून बाबा हसले. तिला इतका आनंद झाला की आजूबाजूला कुणी नसतं तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. बाईंनी चष्मा नाकावर चढवून तो दात बघितला आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागल्या. बाईंचं काही न बोलणं म्हणजे पैकीच्या पैकी.

गुरुवारी दुपारी पावणेतीनला भिंगरी पत्र्याची पेटी घेऊन त्या इमारतीत शिरली. लिफ्ट तळमजल्यावरच होती. आत विमा कार्यालयातल्या एक मॅडम आणि सहाव्या मजल्यावरचे वकील उभे होते. बाबांनी तिला पाहिलं. तिच्या केसांत प्लास्टर होतं, बोटांना गुलाबी मेण लागलं होतं आणि काखेत पेटी होती. बाबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"आज कॉलेज लवकर सुटलं का?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

भिंगरीनं त्यांच्याकडे बघितलं आणि हो म्हणाली.

झालं, मॅडमना हेच हवं होतं. हीच का ती, असं म्हणून त्यांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं, केसांतली पांढरी पूड बघून अभ्यासात आरशाकडे बघायलाही वेळ मिळत नाही वाटतं असं कौतुक केलं आणि आपला उजवा गुडघा पुढे केला. जिना चढताना तो कट् असा वाजतो, तर ते काय असावं? वकिलांना मृतदेह कापायची भीती वाटते का ते विचारायचं होतं. भिंगरीनं तोंड उघडायच्या आत बाबांनी दोघांनाही उत्तरं दिली. पहिल्या दिवशी वाटली, मग सवय झाली, असं त्यांनी मृतदेहाबद्दल सांगितलं, आणि ते इतक्या सहज सांगितलं की त्यांनी स्वतःच दोनचार कापले असावेत असं वाटलं. गुडघ्याबद्दल ते म्हणाले, हाडांचा विषय पुढच्या वर्षी आहे.

मॅडम चौथ्यावर उतरल्या, वकील सहाव्यावर. लिफ्ट पुन्हा वर निघाली आणि सातव्या-आठव्याच्या मध्येच बाबांनी दांडा खाली ओढला. सव्वीस वर्षांत त्यांनी लिफ्ट मुद्दाम मध्येच कधी थांबवली नव्हती. समोर नुसती विटांची भिंत होती.

"इकडे कशाला आलीस?"

"कामाला."

"लोकांना मी जरा वेगळं सांगितलंय," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

"माहितीये. तिसरं वर्ष. शरीरशास्त्रात पहिली."

"पहिली असं म्हणालो नव्हतो मी. पहिल्या तिघांत म्हणालो होतो. लोक वाढवून सांगतात." बाबांनी पितळी दांडा बाहीनं पुसला. "या वर्षी नंबर लागला असता तर मग हळूहळू जुळवून घेता आलं असतं. आजारपणामुळे एखादं वर्ष गेलं, असं काहीतरी. पेटीत काय आहे?"

"नवव्या मजल्यावरच्या दवाखान्यातल्या पेशंटचे दात. तीन वाजताच्या."

बाबांनी घड्याळाकडे बघितलं आणि स्टुलावर बसले. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. खालच्या मजल्यांवरून लिफ्टची घंटा वाजायला लागली होती.

"तुला कधी कळलं? आईनं सांगितलं?"

"नाही. तुम्ही हसलात तेव्हा. दहा महिने झाले."

बाबांनी तोंडावरचा हात खाली घेतला. मग ते हळूच म्हणाले, "वर गेल्यावर ओळख दाखवू नकोस. त्या डॉक्टरांनाही मी तेच सांगितलंय. एवढं कर माझ्यासाठी."

हे भिंगरीला बोचलं. खोटं बोलल्याचं तिनं मनावर घेतलं नव्हतं. पण ज्या हातांनी अकरा वेळा तो दात बसवला, ते हात आपल्या बापाला ओळखायला नको आहेत, हे तिच्या जिव्हारी लागलं. ती बरं म्हणाली. बाबांनी दांडा वर केला, नवव्या मजल्यावर जाळी उघडी ठेवून तिला "पंधरा मिनिटांत येतो" ही पाटी अडकवली आणि दोन अनोळखी माणसांसारखे ते दोघं एकामागून एक दवाखान्यात शिरले.

दंतवैद्य तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी बाबांना खुर्चीत आडवं केलं, लॅबकडून आलात का असं भिंगरीला विचारलं आणि उत्तर यायच्या आत बाबांना जुनी कवळी काढायला सांगितली. बाबांनी डोळे मिटले आणि काढली. त्यांचं तोंड एकदम म्हाताऱ्याचं झालं. भिंगरीनं मुद्दाम पेटीच्या कडीकडे लक्ष दिलं. मग तिनं मेणातले दात दिले, डॉक्टरांनी ते बसवले आणि म्हणाले, साठपासून मोजा. "स" नीट आला पाहिजे.

बाबा मोजू लागले. साठ, एकसष्ट, बासष्ट. सव्वीस वर्षं माणसांना बोलून घायाळ करणारा माणूस शाळेतल्या मुलासारखा आकडे म्हणत होता. पासष्टला डॉक्टरांनी हात वर केला.

"उच्चार ठीक आहे. पण हा डावा दात वाकडा बसलाय. मी एका रेषेत लिहिलं होतं ना?"

"काकांचा मूळचा दात असाच असणार," भिंगरी म्हणाली. काका हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि खुर्चीत बाबांचे डोळे उघडले. "काका, जीभ जरा वर लावा. आता ओठ मिटा. बघा, डॉक्टर, याच्यावर ओठ नीट टेकतो. सरळ केला तर टेकणार नाही."

"मूळचा असाच होता हे तुम्हाला कसं कळलं? नुसतं माप बघून?"

फोटो म्हणावं तर कुणाचा आणि कुठून आणला. भिंगरी म्हणाली, अंदाज.

"अंदाजानं काम करणारी लॅब मला नकोय," डॉक्टर म्हणाले. ते चिडून बोलले नाहीत, घाईतच बोलले. "तुमच्या बाईंना सांगा, सगळं काढून सरळ करून पाठवा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो." आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ते हसत म्हणाले, "काका, तुम्ही घरी मुलीला दाखवा हे. ती शरीरशास्त्रात पहिली आलेली, तिला एका नजरेत कळेल काय चुकलंय ते."

बाहेर लिफ्टची घंटा थांबून थांबून वाजत होती. बाबांनी खुर्चीला लावलेला आरसा स्वतःकडे वळवला. त्यांनी ओठ वर केला. डावा दात बघितला. मग उजवीकडून बघितला. मग आरशातूनच भिंगरीकडे बघितलं. ती पेटीत ठसे भरत होती, खाली मान घालून, आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी मार न खाता नुसती बोलणी खाल्ली की त्या अशाच लाल होत.

बाबांनी वरचे दात काढले आणि हातात धरले. हे असं बोळकं घेऊन ते बायकोसमोरही बोलले नव्हते. शब्द ओले आणि मऊ येत होते, पण सगळे कळत होते.

"डॉक्टरसाहेब, ही माझी मुलगी. हीच. दुसरी नाही मला."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "मेडिकलची?"

"मेडिकलला नाही. कधीच नव्हती. तीनदा नाही म्हणाले तिला. ते मी खोटं सांगत होतो. हे दात हिनं केलेत आणि माझा दात असाच होता. तिनं अंदाज नाही केला, तिला माहीत होतं. तुम्ही हा सरळ केलात तर मी घालणार नाही."

डॉक्टर पहिल्यांदाच घाईतून बाहेर आले. ते स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "मग शरीरशास्त्रात पहिली कोण आली?"

"असेल कुणीतरी," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी दात पुन्हा बाबांच्या तोंडात बसवले, ओठ मिटायला लावले, उघडायला लावले आणि साठपासून पुन्हा मोजायला सांगितलं. या वेळी बाबा थेट ऐंशीपर्यंत गेले, कुणी थांबवलं नाही म्हणून. मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, "दात आहेत तसेच ठेवावेत," आणि भिंगरीच्या हातात देताना विचारलं, सोमवारी आणखी दोन मापं पाठवली तर चालतील का. तिनं चालतील म्हणून सांगितलं.

मेणातले दात पेटीत परत गेले होते, आणि खाली जाताना बाबांनी जुनी कवळीही खिशातच ठेवली. लिफ्टमध्ये दोघंच होते. खालच्या मजल्यांवर लोक जाळीवर किल्ल्या आपटत होते, पण बाबांनी मध्ये कुठेच थांबवली नाही.

"बाबा, शनिवारी मी फॉर्म नाही भरणार."

बाबांनी दांड्यावरचा हात हलवला नाही. "चौथ्यांदा नाही म्हणतील म्हणून?"

"नाही. हो म्हणाले तर काय करू, ते मला कळेना. आणि हे काम करताना मी जेवायची विसरते."

बाबांनी तिच्या जागी दहा मजल्यांची मुलगी उभी केली होती, ती आता त्यांना एकेका मजल्यावर जाऊन मोडायची होती. एका दंतवैद्यासमोर तोंड उघडणं वेगळं आणि अख्ख्या इमारतीसमोर वेगळं. ते भिंगरीलाही कळत होतं, आणि तिला त्यांची दया आली.

तळमजल्यावर सात-आठ माणसं खोळंबली होती. सगळ्यांत पुढे विमावाल्या मॅडम होत्या, चार मजले उतरून आल्यामुळे गुडघा धरून उभ्या. बाबांनी जाळी सरकवली. मॅडम लिफ्टमनवर चिडायच्या बेतात होत्या, पण भिंगरी दिसली तशा विरघळल्या.

"डॉक्टर, बरं झालं भेटलात. गुडघ्याचं राहिलंच बघा आपलं."

बाबांनी भिंगरीकडे बघितलं. ते काहीतरी बोलणार होते, बोलायला त्यांनी बोळकं उघडलंही, आणि माणसांनी ते बघितलं. पण त्या आधी भिंगरीच बोलली.

"मी डॉक्टर नाहीये, मॅडम. मेडिकलला माझा नंबर लागला नाही. मी कवळ्या बनवते."

मागे कुणीतरी घसा साफ केला. तेही जिन्यानं उतरून आलेले वकील छताकडे बघू लागले. बाबा जाळी धरून ताठ उभे राहिले, जे काही येईल ते आधी आपल्या अंगावर यावं अशा बेतानं. मॅडमनी भिंगरीकडे बघितलं, बाबांच्या तोंडाकडे बघितलं, मग एकवार मागच्या माणसांकडे बघितलं. त्यांनी पदरासारखा हातातला रुमाल तोंडासमोर धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

"मग जरा बाजूला येता का? माझी खालची टोचते हो. दोन वर्षं झाली, सांगायचं कुणाला?"

भिंगरीनं काखेतली पेटी बाबांच्या हातात दिली. मॅडमना दंडाला धरून तिनं खिडकीपाशी उजेडात नेलं. वर पाच मजल्यांवरून घंटा वाजत होत्या आणि बाबा पेटी छातीशी धरून लिफ्टच्या दारात उभे होते. भिंगरीनं मॅडमची हनुवटी दोन बोटांनी हळूच वर केली.

"आ करा," ती म्हणाली.